सूचीतल्या जागेवरचा तारा बदलतच नसेल तर? रूपविकारी ताऱ्यांच्या चुकलेल्या जागा कशा शोधायच्या

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. नाशिकच्या एका निरीक्षकाने सहा इंची न्यूटोनियन दुर्बीण आणि सीमॉस कॅमेरा वापरून हंस तारकासमूहातला एक जुना रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, तारा सहा रात्री टिपला. सूचीनुसार तो अलगूलसारखा ग्रहणकारी जोडतारा आहे, म्हणजे दोन ताऱ्यांपैकी एक दुसऱ्याला ठराविक काळाने झाकतो; जुन्या निळ्या प्लेटवर, म्हणजे फोटोच्या काचेवर, 13.2 ते 14.4 प्रत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) आणि आवर्तनकाळ 2.8742 दिवस. प्रत्यक्षात सूचीतल्या जागेवरचा तारा सहाही रात्री 0.02 प्रतीनेसुद्धा हलला नाही. त्याच्या ईशान्येला 47 विकलांवर (60 विकला म्हणजे एक कला, 60 कला म्हणजे एक अंश) असलेला शेजारचा तारा मात्र 0.3 प्रतीपर्यंत खालीवर होताना दिसला. त्यांनी विचारलंय: "सूचीतली जागा चुकली आहे, खरा तारा हा शेजारचाच आहे, अशी दुरुस्ती पाठवू का?"

नका पाठवू. निदान आत्ता नको. तुमचं निरीक्षण उत्तम आहे, सूची चुकली आहे हेही बरोबर आहे, पण शेजारचा तारा तो नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही. तुम्ही पाठवलेल्या फ्रेम घेऊन दोन संध्याकाळ बसलो होतो. ताऱ्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्धवट तपासलेली दुरुस्ती चार ठिकाणी उतरवली गेली की ती परत पुसायला वर्षं जातात.

हे काम मी पंचवीसेक वर्षं करतोय. सुरुवातीच्या काळात नेमकी हीच चूक माझ्या हातून झाली. सूचीतल्या जागी काही बदलत नव्हतं, दीड कलेवर एक लालसर तारा छान बदलत होता, मी तोच खरा म्हणून कळवून मोकळा झालो. चार वर्षांनी दुसऱ्या एका निरीक्षकाने मूळ शोधनकाशा, म्हणजे तारा नेमका कोणता ते दाखवणारा नकाशा, शोधून काढला आणि खरा तारा तिसराच निघाला. मधल्या काळात कितीतरी लोकांनी त्या नावाखाली माझ्या चुकीच्या ताऱ्याची निरीक्षणं नोंदवली होती. ती सगळी वेगळी काढावी लागली. तेव्हापासून एक गोष्ट पक्की धरून चालतो: सूचीतलं नाव एखाद्या जागेला दिलेलं नसतं, ते कुणीतरी पाहिलेल्या बदलाला दिलेलं असतं. त्यामुळे "इथे जवळ काय बदलतंय?" हा प्रश्न अपुरा आहे. "शोधकाने त्या दिवशी जे पाहिलं ते कोणत्या ताऱ्यात झालं होतं?" हा खरा प्रश्न आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर फेरफार करताना जुनं खरेदीखत दाखवावं लागतं, बांधाला लागून राहतो म्हणून कुणाचं नाव चढत नाही. इथेही तसंच.

तुमच्या पहिल्या युक्तिवादापासून सुरू करतो, कारण त्यात एक कच्चा दुवा आहे. तुम्ही लिहिलंय की सूचीने दिलेल्या ग्रहणाच्या रात्रीही तारा मंदावला नाही, म्हणून जागा चूक. पण आवर्तनकाळ 2.8742 असा चारच दशांश स्थळांपर्यंत दिलाय. म्हणजे शेवटच्या आकड्यात अर्ध्या एककाची, 0.00005 दिवसाची अनिश्चितता धरायलाच हवी. मूळ ग्रहणाची वेळ जवळजवळ 90 वर्षं जुनी. 90 वर्षांत सुमारे 11,400 आवर्तनं झाली. 0.00005 गुणिले 11,400 म्हणजे 0.57 दिवस. तेव्हा भाकीत चौदा तास अलीकडे-पलीकडे जाऊ शकतं, आणि अशा जोडताऱ्यांचं ग्रहण काही तासांत आटोपतं. तारा बरोबर असता तरी त्या रात्री ग्रहण दिसण्याची खात्री नव्हती. जागेवरचा तारा स्थिर आहे हे मी दुसऱ्या वाटेने पटवून घेतलं.

ती वाट सांगतो, कारण ती फार उपयोगी आहे आणि फुकट आहे. ताऱ्यांच्या जागा आणि तेज मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या तिसऱ्या डेटा-प्रकाशनात, म्हणजे जून 2022 मध्ये आलेल्या सूचीत, 180 कोटींहून जास्त स्रोत आहेत. प्रत्येक ताऱ्याच्या ओळीत 'जी' नावाच्या रंगपट्ट्यातलं सरासरी तेज भागिले त्याची त्रुटी हे गुणोत्तर आणि एकूण मोजणींची संख्या दिलेली असते. मोजणींच्या संख्येचं वर्गमूळ घ्या आणि त्याला त्या गुणोत्तराने भागा. येणारा आकडा म्हणजे एकेका मोजणीत तेज साधारण किती विखुरलंय याचा अंदाज. तुमच्या जागेवरच्या ताऱ्याच्या 412 मोजण्या, गुणोत्तर 5,100 च्या आसपास. वर्गमूळ 20.3, भागाकार 0.004. म्हणजे विखुरणं अर्ध्या टक्क्याहून कमी, तारा शांत. शेजारच्या ताऱ्याचा हाच आकडा 0.11. तो बदलतोय यात शंका नाही. मी मग पाच कलांच्या त्रिज्येतले याच तेजाच्या आसपासचे सगळे तारे घेतले आणि हा आकडा मोठा असलेले वेगळे काढले. दोनच निघाले. एक तुमचा शेजारचा. दुसरा सूचीतल्या जागेपासून 2.7 कला दक्षिणेला, आकडा 0.13.

एक सावधगिरी. ग्रहणकारी तारा बहुतेक वेळ पूर्ण तेजात असतो, आणि गायाची फेरी नेमकी ग्रहणात पडली नसेल तर असा तारा या चाळणीतून निसटतो. चाळणीत सापडला तर उपयोग, नाही सापडला म्हणून नाहीच असं म्हणता येत नाही.

आता दोन उमेदवार झाले. इथे मूळ निबंध काढावाच लागतो, आणि नवीन निरीक्षक नेमका इथेच कंटाळा करतात. तुम्ही लिहिलंय की जागा तीन ठिकाणी तपासली, रूपविकारी ताऱ्यांच्या मॉस्कोच्या सूचीत, रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेच्या व्हीएसएक्स या सूचीत आणि स्ट्रासबुर्गच्या सिंबाद या माहितीसाठ्यात, आणि तिन्हीकडे तीच होती. पण या तीन स्वतंत्र साक्षी नव्हेत. जुन्या ताऱ्यांच्या बाबतीत या नोंदी बहुतेकदा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. सगळ्यांचं मूळ एकच, शोधकाची यादी.

मॉस्कोच्या सूचीची पहिली आवृत्ती कुकार्किन आणि पारेनागो यांनी 1948 मध्ये काढली. चौथ्या आवृत्तीतसुद्धा जागा 1950 च्या संपातासाठी (आकाशातल्या जागा ज्या संपातबिंदूपासून मोजतात तो त्या वर्षी होता तिथून मोजलेल्या), विषुवांश (आकाशातले रेखांश) 1 सेकंदापर्यंत आणि क्रांती (आकाशातले अक्षांश) 0.1 कलेपर्यंत अशा छापल्या होत्या. विषुववृत्तावर विषुवांशाचा 1 सेकंद म्हणजे आकाशातल्या 15 विकला. आकाशगंगेच्या पट्ट्यात 15 विकलांत तीन-चार तारे सहज मावतात. पुढे सामुस आणि त्यांच्या गटाने मूळ नकाशे आणि प्लेट घेऊन एकेका तारकासमूहातले तारे परत ओळखत नेले आणि 2017 मध्ये 5.1 ही सुधारित आवृत्ती जाहीर केली. हे काम किती कष्टाचं आहे हे ज्याने दहा तारे स्वतः ओळखलेत त्यालाच कळेल. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही जिथे नकाशाच कधी छापला गेला नाही तिथे त्यांच्याही हातात छापील आकड्यांपलीकडे काही नव्हतं.

जुन्या जर्मन याद्यांमध्ये जागा 1855 च्या संपातासाठी देण्याचा प्रघात होता. कारण आर्गेलांडर यांनी बॉनमध्ये तयार केलेली सव्वातीन लाख ताऱ्यांची मोठी सूची 1855 च्या संपातावर बेतलेली होती, आणि प्लेटवरचा नवा तारा त्या सूचीतल्या शेजाऱ्यांवरून मोजला जायचा. हार्वर्डची पद्धत 1900 ची. तिथे तर ताऱ्याच्या जागेचंच नाव व्हायचं. एसएस सिग्नाय या प्रसिद्ध ताऱ्याचा हार्वर्ड क्रमांक 2138+43 आहे, म्हणजे 1900 मध्ये 21 तास 38 मिनिटं आणि अधिक 43 अंश. आज तुम्ही तो 21 तास 42.7 मिनिटांवर शोधता. तारा जागचा हलला नाही, संपातबिंदू सरकला.

संपातबिंदू वर्षाला सुमारे 50.3 विकला सरकतो. 1900 ची जागा 1950 ची समजून वाचली तर चूक 42 कलांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाहून जास्त. म्हणून एखादा तारा अर्ध्या अंशाहून जास्त भटकलेला वाटला की मी पहिल्यांदा संपात तपासतो. दिलेली जागा 1855, 1875, 1900 आणि 1950 अशी चारही समजून 2000 ला आणतो आणि चारही ठिकाणी बघतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि किती तरी भटके तारे त्यात घरी येतात.

तुमच्या बाबतीत चूक 2.7 कलांची, म्हणजे संपाताचा घोटाळा नाही. मी शोधकाची जुनी यादी स्कॅनमधून काढली. नासाच्या एडीएस संग्रहात शंभर वर्षांपूर्वीच्या खगोल नियतकालिकांची पानं जशीच्या तशी मिळतात. यादीत 1855 साठी क्रांती 37 अंश 23.6 कला अशी छापलेली आहे. या भागात 1855 ते 2000 पर्यंत विषुवांश 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आसपास आणि क्रांती साधारण 20.5 कला वाढते. ती वाढ आजच्या सूचीतल्या जागेतून वजा केली तर 26.3 कला येतात. 23.6 आणि 26.3. पेन्सिलने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा लक्षात आलं: तीन आणि सहा यांची अदलाबदल. कुठल्यातरी टप्प्यावर कुणीतरी हाताने नक्कल करताना आकडे उलटले आणि मग तीच नक्कल पुढे चालत राहिली. 26.3 वजा 23.6 म्हणजे 2.7 कला, दक्षिणेकडे. नेमकं तिथेच गायाच्या चाळणीत सापडलेला दुसरा तारा बसलाय.

पटलं ना? पण एवढ्यावरही मी दुरुस्ती पाठवणार नाही. आकड्यांची अदलाबदल हे चुकीचं कारण झालं, तारा तोच असल्याचा पुरावा अजून नाही.

पुरावा बदलात असतो. झेडटीएफ, म्हणजे पालोमारच्या 48 इंची दुर्बिणीने चालणारं सर्वेक्षण, त्याची निरीक्षणं इंटरनेटवर खुली आहेत आणि कॅमेऱ्याचा एक पिक्सेल सुमारे 1 विकलेचा आहे, त्यामुळे शेजाऱ्यांची सरमिसळ होत नाही. शेजारच्या ताऱ्याची निरीक्षणं काढली तर आवर्तनकाळ 0.34 दिवस निघाला. प्रकाशआलेख सतत लाटेसारखा, दोन्ही वेळचं किमान तेज जवळपास सारखं, उतार 0.35 प्रत. एकमेकांना चिकटलेल्या दोन ताऱ्यांची ही जोडी आहे आणि एका स्वयंचलित सर्वेक्षणाने ती आधीच नोंदवली आहे. मूळ यादीतला शोधक म्हणतो, तारा बहुतेक प्लेटवर एकसारखा तेजस्वी आणि काहींवर अचानक 1.2 प्रतीने मंद. 0.35 प्रतीचा तारा निळ्या प्लेटवर 1.2 प्रत कसा उतरेल? नाही उतरत. दक्षिणेकडचा तारा मात्र बराच काळ सपाट, मग 1.1 प्रतीची खोल, अरुंद दरी. आवर्तनकाळ 2.874 च्या आसपास.

त्यापुढची पायरी मला सगळ्यात आवडते. शोधकाने तारा मंद असलेल्या 11 प्लेटच्या वेळा दिल्या आहेत. झेडटीएफ आणि तुमची निरीक्षणं एकत्र करून मी आवर्तनकाळ पाच दशांश स्थळांपर्यंत काढला आणि त्या 11 वेळा त्यावर घडी घालून बसवल्या, म्हणजे प्रत्येक वेळ एका आवर्तनाच्या आत कुठे पडते ते पाहिलं. पाच स्थळं का? कारण 0.00001 दिवसाची चूक 11,400 आवर्तनांत 0.114 दिवस होते, म्हणजे पावणेतीन तास. ग्रहण सातेक तासांचं, तेव्हा एवढी चूक चालून जाते, याहून मोठी नाही. अकराही वेळा ग्रहणाच्या दरीत पडल्या. एक जरी सपाट भागात पडली असती तरी मी थांबलो असतो. नव्वद वर्षांपूर्वी कुणीतरी काचेवर बघून वहीत लिहिलेल्या अकरा वेळा आज तुमच्या नाशिकच्या गच्चीवरच्या मोजणीशी जुळतात, तेव्हा ओळख पटते. नाव या ताऱ्याचं आहे.

अशी घडी घालताना एक खड्डा सांभाळा. 1 जानेवारी 1925 च्या आधी खगोलशास्त्रज्ञांचा ग्रीनिच दिवस मध्यान्हाला सुरू व्हायचा, नंतर मध्यरात्रीला. जुन्या निबंधात ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) नसून तारीख आणि तास दिले असतील तर बारा तासांचा घोळ होऊ शकतो. छोट्या आवर्तनकाळाच्या ताऱ्याला बारा तास म्हणजे सगळंच गेलं.

आणि तुमच्यासाठी एक गोष्ट. तुमच्या कॅमेऱ्याचं क्षेत्र 52 कलांचं आहे, त्यामुळे हा दक्षिणेकडचा तारा तुमच्या प्रत्येक फ्रेममध्ये आहे. चौथ्या रात्रीच्या शेवटच्या 50 मिनिटांत तो 0.2 प्रतीने उतरत होता. ग्रहण सुरू झालं होतं आणि तुम्ही ते टिपलं होतं, फक्त मोजणीचं वर्तुळ दुसऱ्या ताऱ्यावर होतं.

तुमच्या ताऱ्याचं झालं. पण प्रत्येक तारा असा आकड्यांच्या अदलाबदलीने हरवत नाही, म्हणून वारंवार भेटणाऱ्या बाकीच्या चुकाही सांगतो.

ऋण शून्य अंश ही संगणकाच्या काळातली चूक. क्रांती −00 अंश 24 कला असेल आणि प्रोग्रॅमने अंशांचा रकाना आकडा म्हणून वाचला तर उणे शून्य आणि शून्य एकच, चिन्ह गळून पडतं. तारा +00 अंश 24 कलांवर, 48 कला उत्तरेला जाऊन बसतो. विषुववृत्ताच्या लगेच दक्षिणेला असलेला तारा सापडत नसेल तर आरशासारखं उत्तरेला बघा. स्वतःचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी चिन्ह नेहमी अक्षर म्हणून वेगळं वाचावं.

विषुवांशात एका मिनिटाची चूक म्हणजे विषुववृत्तावर 15 कला, 60 अंश क्रांतीवर साडेसात. फरक अशा गोल आकड्याचा निघाला की छपाईची चूक समजून चालायला हरकत नाही.

निजगती, म्हणजे ताऱ्याचं स्वतःचं आकाशात सरकणं. बहुतेक ताऱ्यांना ती लागू होत नाही, पण जवळच्या लाल बटू ताऱ्यांना होते, आणि भडका उडणारे बरेच तारे याच जातीचे. यू व्ही सेटी वर्षाला जवळजवळ 3.4 विकला सरकतो. गायाच्या जागा 2016 या काळासाठी आहेत. 1950 च्या प्लेटवरचा यू व्ही सेटी आणि गायातला यू व्ही सेटी यांच्यात पावणेचार कलांचं अंतर पडतं. बर्नार्डचा तारा, जो रूपविकारी म्हणून व्ही 2500 ऑफियुची या नावाने नोंदलेला आहे, तो तर वर्षाला 10 विकलांहून जास्त पळतो. त्यामुळे जुन्या जागेभोवती दोन विकलांचं वर्तुळ टाकून गायात आपोआप जुळवणी केली तर हे तारे सापडत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या जागी आलेला दुसराच मंद तारा जुळतो.

जुने शोधनकाशे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. बरेच नकाशे दक्षिण वर धरून काढलेले असतात, काही आरशातले. आणि त्या प्लेट निळ्या प्रकाशाला संवेदनशील होत्या. तुमच्या सीमॉस कॅमेऱ्यात झगझगीत दिसणारा लाल तारा त्या नकाशावर अगदी बारीक ठिपका असू शकतो किंवा नसूही शकतो. म्हणून नकाशा स्वतःच्या फोटोशी जुळवत बसू नका. अलादीन या आकाशाचे फोटो दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 1950 च्या दशकातल्या पालोमार सर्वेक्षणाची निळी प्लेट उघडा आणि तिच्याशी जुळवा. ताऱ्यांची ठेवण एकदम ओळखीची वाटायला लागते.

आता आधुनिक चुका. आपण जुन्या लोकांना दोष देतो, पण स्वयंचलित सर्वेक्षणांनी नव्या चुकांची मोठी भर घातली आहे. टेस उपग्रहाचा एक पिक्सेल 21 विकलांचा, जमिनीवरून चालणाऱ्या आसासएसएन सर्वेक्षणाचा 8 विकलांचा. त्यात दोन तारे एकत्र आले की बदल तेजस्वी ताऱ्याच्या नावावर चढतो. समजा 12 प्रतीचा तारा आणि 12 विकलांवर 15 प्रतीचा. मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या 6.3 टक्केच प्रकाश देतो. तो पूर्ण विझला तरी दोघांच्या एकत्रित प्रकाशात 0.066 प्रतीचाच उतार दिसेल. सर्वेक्षणात 0.05 प्रतीचं ग्रहण दिसलं असेल तर ते मंद ताऱ्याचं असू शकतं, फक्त प्रत्यक्षात ते दीड प्रतीइतकं खोल असायला हवं. 0.1 प्रतीचं दिसलं असेल तर मंद तारा सुटला, तो ते करूच शकत नाही. हे गणित कागदावर दोन मिनिटांत होतं आणि अर्धे संशयित त्यातच मोकळे होतात. उरलेल्यांसाठी तुमच्यासारखी छोटी दुर्बीण लागते. तुमच्या 750 मिलिमीटर नाभीय अंतराला आणि 3.76 मायक्रॉनच्या पिक्सेलला एक पिक्सेल 1.03 विकलांचा पडतो. बारा विकलांवरचे तारे तुम्ही स्वच्छ वेगळे करू शकता, जे त्या उपग्रहाला जमत नाही. हौशी निरीक्षकांनी करण्यासारखं याहून उपयोगी काम मला माहीत नाही.

काही नोंदींमागे तारा नसतोच. एकाच प्लेटवर दिसलेला तारा लघुग्रह असू शकतो, विशेषतः क्रांतिवृत्ताजवळ. स्कायबॉट या सेवेला तारीख आणि जागा दिली की त्या वेळी तिथून कोणता लघुग्रह जात होता ते कळतं. काही ठिपके प्लेटवरचे डाग असतात. अशा नोंदी पुसत नाहीत, अस्तित्वात नाही असा शेरा देऊन ठेवतात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर पुढचा माणूस परत शोधत बसेल.

नवताऱ्यांचा प्रकार आणखी कठीण, कारण तो एकदा उजळतो आणि मग वर्षानुवर्षं मंद पडून राहतो. आपल्याकडचंच उदाहरण आहे. 1863 च्या मे महिन्यात मद्रास वेधशाळेत नॉर्मन पॉगसन यांना वृश्चिकेत एक नवा तारा दिसला. प्रतींची जी मोजपट्टी आपण आज वापरतो ती 1856 मध्ये सुचवणारे हेच पॉगसन, आणि त्याच वेधशाळेत चिंतामणि रघुनाथाचारी यांनी 1867 मध्ये आर रेटिक्युलाय हा रूपविकारी तारा शोधला. पॉगसन यांचा तारा, यू स्कॉर्पिआय, काही दिवसांतच मावळला. शांत असताना तो 18 व्या प्रतीच्या आसपास असतो, तेव्हाच्या दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर. हाती राहिली ती मद्रासहून मोजलेली जागा. हार्वर्डच्या जुन्या प्लेटवर 1906 आणि 1936 चे उद्रेक त्याच जागी सापडले आणि पुढे 1979, 1987, 1999, 2010 आणि 2022 मध्ये तो पुन्हा पुन्हा उजळला. पॉगसन यांनी जागा काळजीपूर्वक लिहून ठेवली नसती तर 1863 चा उद्रेक या मालिकेत जोडायला काही आधारच उरला नसता.

जागा नेमकी का हवी, असं विचारणाऱ्यांना मी बीएल लॅसर्टीची गोष्ट सांगतो. कूनो हॉफमाइस्टर यांनी 1929 मध्ये तो अनियमित रूपविकारी तारा म्हणून नोंदवला. जवळपास चाळीस वर्षं तो सूचीत एक साधा तारा होता. 1968 मध्ये एका रेडिओ स्रोताची जागा याच ताऱ्याशी जुळते हे जॉन श्मिट यांनी दाखवलं आणि कळलं की तो तारा नाहीच. तो एका दूरच्या दीर्घिकेचा धगधगता गाभा आहे, आणि त्या जातीच्या सगळ्या पिंडांना आज त्याच्याच नावाने ओळखतात. सूचीत त्याची जागा दोन कलांनी चुकलेली असती तर ही जुळणी कुणाच्या लक्षात आली असती?

दुरुस्ती पाठवताना काय लिहायचं तेही सांगतो. व्हीएसएक्समध्ये जुन्या नोंदीवर सुधारणा सुचवण्याची सोय आहे, नवीन नोंद करू नका. नाव तेच, जागा दक्षिणेकडच्या ताऱ्याची, गायामधून घेतलेली. शेऱ्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहा: मूळ यादीत क्रांती 23.6 कला आहे, सूचीतली जागा 26.3 वरून आलेली दिसते, आणि शोधकाच्या अकराही वेळा नव्या आवर्तनकाळाशी जुळतात. जुनी जागा शेऱ्यात राहू द्या, म्हणजे जुने निबंध वाचणाऱ्याला दुवा मिळेल. पाठवण्याआधी या दक्षिणेकडच्या ताऱ्याची एखाद्या सर्वेक्षणाच्या नावाखाली वेगळी नोंद आहे का ते बघा. मी बघितलं, आहे. म्हणजे आजच्या घडीला या एका ताऱ्याच्या दोन नोंदी आहेत, एक चुकीच्या जागी जुन्या नावाने, एक बरोबर जागी नव्या क्रमांकाने. त्या एकत्र करायला सांगा, नाहीतर जागा दुरुस्त झाल्यावर एकाच ठिकाणी दोन तारे दिसतील. ईशान्येच्या शेजाऱ्याला हात लावू नका, त्याची नोंद बरोबर आहे.

पुरावा मिळाला नसता तर? मूळ नकाशा नाही, वेळा नाहीत, दोन उमेदवार सारखेच. अशा वेळी "ओळख अनिश्चित" एवढंच लिहायचं आणि दोन्ही उमेदवारांच्या जागा द्यायच्या. माझ्या वहीत असे बरेच तारे पडून आहेत. हार्वर्डच्या लाखो प्लेट आता डॅश प्रकल्पाने डिजिटल केल्या आहेत, त्यामुळे त्यातले काही अलीकडे सुटायला लागलेत.

तुमच्या ताऱ्याचं पुढचं ग्रहण येत्या गुरुवारी, माझ्या हिशेबाने रात्री नऊच्या सुमारास सर्वात खोल असेल. त्या वेळी हंस पश्चिमेकडे झुकलेला, पण अजून चांगला वर असेल. साडेसातपासून सुरू करा, फिल्टर व्ही लावा, एक्स्पोजर 60 सेकंदांचं ठेवा, ग्रहणात तारा 14 व्या प्रतीपर्यंत जाईल. तुलनेचे तारे तेच चालतील. मोजणीचं वर्तुळ तिन्ही ताऱ्यांवर ठेवा आणि तिन्ही आलेख मला पाठवा.